गॅस संपत नाही, गळतो. आणि धंदाही तिथूनच गळतो



एप्रिल-मे आला की मंद्रूप-सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात एक वाक्य ऐकू येतं. "मिस्त्री, एसी गार होईना, गॅस भरून द्या की." मिस्त्री डबा लावतो, काटा बघतो, पैसे घेतो. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश. दोन महिन्यांनी तीच गाडी, तेच वाक्य.

आज माझं मत स्पष्ट सांगतो. गळती न शोधता गॅस भरून देणं हा धंदा नाही, उधारीवर घेतलेला विश्वास आहे. तो कधीतरी फेडावा लागतो. आणि ज्यांना या लाइनीत नाव कमवायचंय, त्यांनी सुरुवात जुन्या गाड्यांपासून करावी.

आधी मुळातली गोष्ट. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो, द्रव होतो, वायू होतो, परत द्रव होतो. नळ्या घट्ट असतील तर तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणजे गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठूनतरी तो बाहेर गेला. "गॅस संपला" हा शब्दच आपण गॅरेजातून काढून टाकला पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगायचं, "मालक, गॅस गळलाय. कुठून ते शोधू."

आता जुन्या गाड्याच का? आपल्या भागात जुन्या गाडीवर जीव असणारी माणसं आहेत. वडिलांनी घेतलेली पद्मिनी, पहिली मारुती ८००, एखादी कॉन्टेसा. आणि पद्मिनीचं तर सोलापूरशी नातं आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आता जी उरली ती हौसेची आहे. हौसेचा माणूस दोनशे रुपयांसाठी गॅरेज बदलत नाही, पण फसवणूक कळली तर चार जणांना सांगतो.

या गाड्यांच्या एसीची अडचण वेगळी आहे. जुन्या सिस्टीम आर-१२ या गॅसवर चालायच्या. त्या गॅसमुळे ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि २०१० पासून आपल्याकडे या कामासाठी तो बंद आहे. त्यामुळे आज कुणी "ओरिजनल आर-१२ आहे, लगेच देतो" म्हणालं, तर तो आला कुठून हे आधी विचारा. सिलिंडरवरचा रंग आणि स्टिकर हा पुरावा नाही. स्वस्तात मिळणाऱ्या गॅसमध्ये स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा माल असू शकतो, आणि तो तुम्ही गिऱ्हाइकाच्या पायापाशी भरताय.

मग आर-१३४ए भरायचा का? भरायचा, पण नुसता डबा बदलून नाही. आर-१२ सोबत खनिज तेल चालायचं. ते तेल आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही, कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जातो. शिवाय या गॅसचा रेणू लहान. जुन्या रबरी होजमधून तो हळूहळू पाझरतो. म्हणून सिस्टीम फ्लश करणं, तेल बदलणं, ओ-रिंग एचएनबीआरच्या घालणं, आतून अस्तर असलेले बॅरिअर होज टाकणं आणि ड्रायर नवा बसवणं, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. गॅसही जुन्या वजनाइतका नाही, साधारण ८० ते ९० टक्के. अंदाजानं नाही, काट्यावर तोलून.

काही हौशी मालक म्हणतात, "गाडी आहे तशीच हवी, गॅससुद्धा मूळचाच." त्यांच्या भावनेचा मान ठेवून मी सांगतो, बॉडीचा रंग मूळचा ठेवा, डॅशबोर्ड मूळचा ठेवा. गॅस कुणाला दिसत नाही. तिथं हट्ट नको.

गळती शोधायची कशी, यावर थोडं सविस्तर, कारण पैसे इथंच मिळवायचे आहेत.

पहिलं हत्यार डोळे. गॅस बाहेर जाताना थोडं तेल घेऊन जातो, आणि तेलावर आपल्याकडची धूळ चिकटते. जॉइंटपाशी, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी, कंडेन्सरच्या जाळीवर काळपट ओलसर डाग दिसला की अर्धं काम झालं. कंडेन्सर गाडीच्या तोंडाशी असतो, हायवेचे खडे तोच खातो. सर्व्हिस पोर्टची पिन बघायला विसरू नका. रुपयाची वस्तू, पण हजारोंचा गॅस घालवते.

दुसरं हत्यार कोरडा नायट्रोजन. सिस्टीम रिकामी करून साधारण १५० पीएसआयपर्यंत दाब द्यायचा आणि साबणाच्या पाण्यानं एकेक जॉइंट बघायचा. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडायचा नाही. आणि ऑक्सिजन चुकूनही वापरायचा नाही, तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. गाडी रात्रभर दाबावर ठेवली तर थंडाव्याचाही हिशोब धरा. दुपारी ४० अंशात १५० वर असलेला काटा पहाटे २५ अंशात १४२ च्या आसपास दिसेल. ती गळती नाही, हवामान आहे. १२० दिसला तर मात्र शोधा.

बरेच जण म्हणतात, "आम्ही व्हॅक्यूम धरून बघतो, काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही." व्हॅक्यूम गरजेचा आहे, आतला दमटपणा काढायला तो अर्धा तास तरी हवाच. पण गळतीची परीक्षा म्हणून तो कच्चा. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त वातावरणाचा दाब, म्हणजे १५ पीएसआयच्या आत. उलट सोलापूरच्या उन्हात ४० अंशांवर नुसती उभी असलेली आर-१३४ए ची गाडी आतून १३० पीएसआयच्या वर ढकलत असते. चालू केली की पुढच्या बाजूला त्याच्या दुप्पट. १५ ला टिकलेला जॉइंट २५० ला टिकेल याची खात्री कोण देणार?

तिसरं, हळू गळतीसाठी यूव्ही डाय. "उद्या लग्नाला पुण्याला जायचंय, वेळ नाही" म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. त्याला हाकलू नका. गॅस भरा, पण सोबत डाय टाका, बिलावर लिहा, "गळती आहे, शोधणं बाकी," आणि पंधरा दिवसांनी बोलवा. ही गॅसभरणी म्हणजे तपासणीचा पहिला टप्पा झाला. पण गळती बुजवणारं द्रव डब्यातून आत ढकलण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकलं तर पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

आता धंद्याचं बोलू. "सर, गावाकडं लोक शोधायचे पैसे देत नाहीत, समोरचा हजारात भरून देतोय." हा प्रश्न खरा आहे. पण गिऱ्हाइकासमोर हिशोब मांडा. समजा, एका भरणीचे १,५०० रुपये आणि वर्षात चार भरण्या, म्हणजे ६,००० झाले, आणि गाडी अजूनही गळतेय. तेच शोधणी आणि दुरुस्ती मिळून ५,००० ला एकदा झाली तर? आकडे तुमच्या गॅरेजचे घाला, पण कागदावर लिहून दाखवा. तोंडी हिशोब वाऱ्यावर जातो.

बिलात तीन ओळी वेगळ्या करा: तपासणी, दुरुस्ती, भरणी. तपासणीचे पैसे दुरुस्ती केली नाही तरी घ्यायचे, आणि ते आधी सांगायचे. डॉक्टर गोळी दिली नाही म्हणून फी सोडतो का? काढलेली ओ-रिंग, फाटका होज पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या. भरलेला गॅस ग्रॅममध्ये लिहा. हमी द्या, पण दुरुस्त केलेल्या जॉइंटची, अख्ख्या तीस वर्षांच्या सिस्टीमची नाही. आणि आतला इव्हॅपोरेटर गेलाय, पार्ट मिळत नाही असं असेल, तर सरळ म्हणा, "अण्णा, यात पैसे घालू नका." या एका वाक्यानं जितकं गिऱ्हाईक टिकतं तितकं बोर्डावरच्या लाइटनं टिकत नाही.

एक बाजू आपण बोलतच नाही. गळालेला गॅस जातो कुठं? आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला म्हणजे जवळपास ६४० किलो कार्बन डायऑक्साइड, अंदाजे पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. आपणच उन्हाळ्याला शिव्या द्यायच्या आणि आपणच त्यात भर घालायची, हे बरोबर नाही. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, आणि २०३२ पासून असे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी होणार. म्हणजे गॅस विकून जगणाऱ्याचा काळ संपत जाणार, गळती थांबवणाऱ्याचा वाढणार.

म्हणून माझी एक सूचना. जुना गॅस हवेत सोडण्याऐवजी परत ओढून घेणारं रिकव्हरी मशीन एकट्या छोट्या गॅरेजला जड जातं. मग मंद्रूप ते सोलापूर पट्ट्यातल्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्या. वापराची वही ठेवा, दर ठरवा. ऊसतोडीचे ट्रॅक्टर भाड्यानं फिरतात, मग मशीन का नाही? आज ते पद्मिनीला लागेल, उद्या एसी केबिनच्या ट्रॅक्टरला, परवा स्कूल बसला. शिकलेला हात एकच आहे.

गाडीमालकांसाठीही एक फुकटचा उपाय. हिवाळ्यातसुद्धा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरतं, कॉम्प्रेसरचं सील ओलं राहतं. ताडपत्रीखाली वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीचं सील सुकतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात गळायला लागतं.

या आठवड्याचं काम: तुमच्या गॅरेजची मागची वही काढा. एकाच गाडीत दोनदा गॅस भरलाय अशी नावं वेगळी लिहा. त्यातल्या पहिल्या तिघांना फोन करा आणि म्हणा, "मालक, या वेळी भरत नाही, शोधतो." तिघांपैकी एक जरी आला, तरी तुमचा नवा धंदा सुरू झाला समजा.