कचरा समजून गाळलेलं

अंदमानात पोस्टिंगवर असताना आमच्या एका हवालदाराची लग्नातली अंगठी कॉर्बिन्स कोव्हच्या वाळूत पडली. एका नव्या जवानाला सोबत घेऊन मी मेटल डिटेक्टर फिरवू लागलो. ‘कचरा वगळा’ हे सेटिंग मीच लावलं. दोन तासांत मिळालं एक नाणं.

जवान म्हणाला, “साहेब, सुरुंग शोधताना आपण एकही आवाज सोडत नाही. इथे का सोडतोय?”

त्याचं बरोबर होतं. डिटेक्टर सोनं ओळखत नाही. त्याला धातूची विद्युतवाहकता आणि आकार तेवढा जाणवतो. अंगठी आणि बिअरच्या कॅनची अ‍ॅल्युमिनियमची कडी त्याला बरेचदा सारखीच वाटते. कडी गाळली, की अंगठीही गेली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक आवाजावर खणलं. बुचं, खिळे, पिशवीभर कड्या आणि शेवटी अंगठी!

म्हणून माझं मत: हा छंद करायचा तर सगळं खणा, कचरा सोबत न्या, खड्डे बुजवा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आणि १९४२ ते १९४५ या काळात इथे जपानी फौजा होत्या. त्यांचे बंकर आजही किनाऱ्यावर उभे आहेत. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवा.

राहिली एक कबुली. त्या जवानाला पहिल्याच आठवड्यात मी ‘कामाचा नाही’ म्हणून गाळलं होतं. तेही सेटिंग माझंच.