चौदा वर्षांचा मालक

१८२६ साली जर्मनीतल्या एसेन गावी फ्रीडरिश क्रुप वारला, तेव्हा मागे उरले ते कर्ज, सात कामगार आणि ओतीव पोलादाचा एक लहानसा कारखाना. थोरला मुलगा आल्फ्रेड अवघा चौदा वर्षांचा. त्याची शाळा सुटली आणि आईच्या मदतीने तो भट्टीपाशी उभा राहिला. इंग्लंडातल्या पोलादाचे मर्म जाणून घेण्यासाठी १८३८ साली तो नाव बदलून तिकडे गेला. १८४८च्या मंदीत मजुरी चुकती करण्यासाठी त्याने घरातली चांदी वितळवली, असे सांगतात.

१८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने सुमारे दोन टनांचा अखंड पोलादी ठोकळा मांडला. पाहणारे थक्क झाले. पण खरा पैसा आला तो रेल्वेच्या चाकांवर चढवायच्या, सांधा नसलेल्या पोलादी धावांमुळे. क्रुपच्या बोधचिन्हातली तीन वर्तुळे म्हणजे तोफांची तोंडे, असा अनेकांचा समज असतो. त्या धावाच आहेत! अर्थात तोफाही होत्याच. प्रशियाने १८५९ साली ३०० तोफांच्या नळ्यांची मागणी नोंदवली आणि क्रुपचे नाव युद्धाशी जोडले गेले ते कायमचेच.

कामगारांसाठी त्याने आजारनिधी, निवृत्तिवेतन, घरे, स्वस्त दुकाने अशा सोयी केल्या. सरकारला हे सुचायच्या कितीतरी आधी! मात्र नोकरी सोडली की निवृत्तिवेतनावर पाणी, आणि घरही खाली करायचे. कामगारांनी राजकारणाच्या वाटेला जाऊ नये, अशी समज त्याने १८७७ साली लेखी दिली. समाजवाद्यांना तर थाराच नव्हता. हे प्रेम बापाचे होते खरे, पण मुलगा वयात आला हे कधीच मान्य न करणाऱ्या बापाचे!

१८७३ साली टेकडीवर त्याचा २६९ खोल्यांचा प्रासाद उभा राहिला. आगीची धास्ती इतकी, की बांधकामात लाकूड शक्यतो टाळून दगड आणि लोखंडच वापरलेले. एवढ्या घरात झोप मात्र येत नसे. रात्र रात्र जागून तो हाताखालच्या माणसांना सूचनांच्या चिठ्ठ्या लिहीत बसे. पत्नी बेर्था १८८२ साली घर सोडून गेली. १४ जुलै १८८७ रोजी आल्फ्रेडचा मृत्यू झाला. सात कामगारांच्या त्या कारखान्यात तेव्हा सुमारे २०,००० माणसे राबत होती.