विनोद कोणाच्या तोंडी?

स्नेहसंमेलनातल्या विनोदी नाटुकल्यांत एक गोष्ट दरवर्षी खटकते. गडी आणि वेंधळा मामा बोलतात आपली कानडी हेलाची बेळगावी मराठी; हुशार नायक मात्र पुस्तकी! म्हणजे हशा प्रसंगाला नव्हे, आपल्याच आजी-आजोबांच्या बोलीला.

पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत. 'गणगोत'मध्ये त्यांनी बेळगावच्या रावसाहेबांचे बोलणे हेलासकट, शिव्यांसकट उतरवले (शिव्या तेवढ्या आपण गाळू!). वाचताना हसून पोट दुखते, पण लक्षात राहते ते रावसाहेबांचे मोठे मन.

विद्यार्थी मित्रांनो, यंदा नाटुकले लिहाल तेव्हा वकिलाला, डॉक्टरला, मुख्याध्यापिकाबाईंनाही हीच बोली द्या. आणि पालकहो, तालमीत मुलांचे उच्चार 'सुधारू' नका.