लेकराच्या पोटाचे खाते

लहान मुलाचे पोट दुखते म्हणजे नेमके काय दुखते, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या माणसाला छाती, कंबर, गुडघा असे वेगवेगळे पत्ते असतात. चार वर्षांच्या मुलाचे सगळे दुखणे पोटातच असते. घसा धरला तरी ते पोटावर हात ठेवते आणि शाळेत जायचे नसले तरी पोटावरच ठेवते. म्हणूनच या एका दुखण्यावर आपल्याकडे जितके उपाय सुचवले जातात, तितके दुसऱ्या कशावर नसतील. आजी मुरुडशेंग उगाळते, शेजारीण बेंबीवर हिंग लावायला सांगते, कोणी दृष्ट काढते. आमच्या अंजनगाव सुर्जीत तर नागवेलीच्या पानमळ्यांबरोबर पानपिंपरीही पिकते आणि तो माल औषधांसाठीच बाहेर जातो. पोटावरच्या औषधांची आम्हाला वानवा नाही. वानवा आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

माझ्या चुलतभावाच्या मुलीची धावपळ मी अलीकडे जवळून पाहिली. तिची मुलगी चार वर्षांची. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे. शौचाला पातळ आणि फार घाण वास. मुलगी सदा किरकिरी. दीड वर्षात परतवाडा झाले, अकोला झाले, अमरावती झाली. जंताचे औषध दोनदा झाले, लोहाच्या बाटल्या झाल्या, रक्त, लघवी, शौच, सगळे तपासून झाले. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पोटात गाठी’ असे आले आणि त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आपल्या घरांमधून ‘गाठ’ या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. अशा बारीक ग्रंथी धडधाकट मुलांच्या पोटातही पुष्कळदा दिसतात, हे दोन ओळींत सांगायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता. प्रत्येक नव्या दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात होई आणि आधीचे कागद पिशवीतच राहत. ‘‘काकाजी, लेकराले सुई टोचाले आता जागा नाई राह्यली,’’ असे ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात तक्रारही उरली नव्हती.

शेवटी अमरावतीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी ती जाडजूड पिशवी बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘अंगणवाडीचे कार्ड आहे का?’’ कार्ड होते. दुसऱ्या वर्षी वजन ११ किलो २०० ग्रॅम, तिसऱ्या वर्षी ११ किलो ९००, चौथ्या वर्षी १२ किलो. या वयात मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढते. इथे दोन वर्षांत जमा झाले होते अवघे आठशे ग्रॅम. बाईंनी मग अर्धा तास आईला बोलते केले. मूल कधीपासून बिघडले, पोळी आणि बिस्किटे कधी सुरू झाली, शौच कसे असते, रात्री झोपते का. त्यानंतर त्यांनी एकच रक्ततपासणी लिहून दिली आणि ती कशासाठी, हेही सांगितले.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. पीककर्जाच्या अर्जाबरोबर कागदांचे भेंडोळे घेऊन येणारी माणसे मी खूप पाहिली. पण एका व्हाऊचरवरून खात्याची प्रकृती कळत नाही. त्यासाठी लेजर उघडून वर्षा-दोन वर्षांचा उतारा पाहावा लागतो. मुलाच्या वजनाचे कार्ड हे त्याचे पासबुक आहे. एका दिवसाचे रक्त, एका दिवसाची सोनोग्राफी ही व्हाऊचरे. ती लागतातच, पण नोंदवही उघडल्यावर.

त्या मुलीला सिलिअॅक नावाचा विकार निघाला. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काहींच्या शरीराला ते सोसत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक मखमली पापुद्रे असतात, ते झडतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या रोगाचा उलगडा कसा झाला, ते ऐकण्यासारखे आहे. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. पाव बंद केला की माझे मूल सुधारते, असे एका आईने सांगितल्यावरून त्यांचे लक्ष गव्हाकडे गेले, असे म्हणतात. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा याच रोगाची मुले उलट सुधारली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. आज ज्या रक्ततपासणीला आपण आधुनिक म्हणतो, तिच्या मुळाशी एका आईचे निरीक्षण आहे.

इथे पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. संशय आला म्हणून कोणाच्या सांगण्यावरून पोळी आधीच बंद करू नये. गहू पोटात जात असतानाच ही तपासणी खरे बोलते. आधीच बंद केला, तर रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. रक्तात दोष दिसला की बहुधा दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. आईच्या काळजाचे पाणी होते, पण पथ्य जन्मभराचे असल्याने खात्री हवीच.

आणि पथ्य काय, तर ज्वारीची भाकरी! ज्या वऱ्हाडात ज्वारीच्या कण्या आणि भाकरी हे रोजचे जेवण होते, त्याच वऱ्हाडात ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले, ताटात पोळी आली आणि लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा आला. गहू काही विष नव्हे, बहुतेकांना तो मानवतो. पण ज्याला मानवत नाही, त्याच्यासाठी ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका आपल्या घरातच आहेत. अडचण निराळीच असते. गिरणीत आधी गहू दळला असेल तर पुढच्या ज्वारीत तो मिसळतो, म्हणून दळण घरच्या घरी किंवा वेगळे करावे लागते. बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. पंगतीत रोडग्याचा घास मायेने भरवणाऱ्या आत्याला नाही म्हणावे लागते, आणि ते सर्वांत कठीण.

याचा अर्थ पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची ही तपासणी करावी असा मुळीच नाही. जॉन अॅप्ले या इंग्रज डॉक्टरांनी सहकाऱ्यासह १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहातल्या एका मुलाला वरचेवर पोटदुखी होती, आणि अशा मुलांची कसून तपासणी केली तेव्हा बहुतेकांच्या शरीरात रोग सापडला नाही. दुखणे खोटे नव्हते, पण त्याला यंत्राची गरज नव्हती. कुठे बद्धकोष्ठ असते, कुठे शाळेची धास्ती. मात्र वजन-उंची थांबणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, पुन्हा पुन्हा येणारा ताप, झोपेतून उठवणारी कळ ही लक्षणे दिसली तर थांबू नये.

अंजनगावहून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. त्या डोंगरात, मेळघाटात, आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची चाल अजून आहे. तिला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावी बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. आपण ती बातमी वाचून हळहळलो आणि अंधश्रद्धेला नावे ठेवून मोकळे झालो. पण चटके देणारे आणि त्या बाळाला पुढे करणारे हात वैऱ्याचे नव्हते. लेकरू तळमळत असताना काहीतरी केलेच पाहिजे, या घाईचे ते हात होते. तीच घाई शहरात फाईल घेऊन या दारातून त्या दारात फिरते. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. चटका तो चटकाच, आणि तो गुन्हाच. पण दोन्हीकडे उणीव एकच दिसते. बसून ऐकणारे, वजन करणारे, पुन्हा बोलावणारे जाणते माणूस जवळ नसते.

सरकारने काही केले नाही असेही नाही. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पण प्रत्येक तपासणी प्रत्येक गावी होत नाही, आणि बुडालेली मजुरी व बसचे तिकीट कोणी माफ करत नाही. आमच्या गावावरून जाणारी शकुंतलाही आता धावत नाही. म्हणून प्रत्येक फेरी वसूल झाली पाहिजे. अंगणवाडीतले वजन दवाखान्यात वाचले गेले पाहिजे, आणि दवाखान्याचा निष्कर्ष साध्या मराठीत त्याच कार्डावर परत लिहिला गेला पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

आणि आईबापांनी एक शाळेची वही करावी. मूल काय खाते, शौच कसे, दुखते कधी, महिन्याचे वजन किती, एवढेच लिहावे. डॉक्टरांनी तपासणी सांगितली की अदबीने तीन प्रश्न विचारावेत : ही कशासाठी? हिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का? तोवर लेकराला काय खाऊ घालू? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचे काम हलके होते.

त्या मुलीने पथ्य सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत दीड किलो वजन कमावले. तिच्या आईने ते कार्डावर लिहून घेतले आहे, आणि खाली तारीखही घातली आहे.