माघार घ्यायचीच होती, तर आधी विचार का नाही केला?

दिवाळीचा हंगाम जवळ आला की मोठ्या कंपन्यांना एकोप्याची आठवण येते. टीव्हीवर, मोबाईलवर गोड जाहिराती सुरू होतात. त्यात एखादी टोपी, एखादा हिजाब, एखादा उर्दू शब्द असला की आपल्या घरांत कौतुक होतं. चला, कोणाला तरी आपली आठवण आहे! पण दोन-तीन दिवसांत तीच जाहिरात गायब झाली, तर काय होतं? मधल्यामध्ये नाव आपलं निघतं.

ऑक्टोबर २०२० मधली तनिष्कची ‘एकत्वम्’ ही जाहिरात अनेकांना आठवत असेल. मुस्लिम घरातली हिंदू सून, आणि सासरच्यांनी तिच्यासाठी मांडलेलं डोहाळजेवण. लगेच ‘लव्ह जिहाद’ची ओरड झाली, बहिष्काराची हाक आली. कंपनीने जाहिरात मागे घेतली. भावना दुखावल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि आपले कर्मचारी व दुकानातला स्टाफ यांच्या सुरक्षेचं कारण दिलं. गुजरातेत गांधीधामच्या शोरूमच्या दारावर तर माफीची चिठ्ठी लागली.

कर्मचाऱ्यांची काळजी खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. काउंटरवर उभा असलेला पोरगा ना जाहिरात लिहितो, ना ती पास करतो. जमावासमोर मात्र तोच असतो. पण मग त्याचा विचार जाहिरात सोडायच्या आधी व्हायला नको होता का? देशातलं वातावरण कसं आहे हे काय त्या आठवड्यात कळलं? विरोध झाला तर कोण बोलणार, दुकानांना काय सूचना द्यायच्या, पोलिसांना कधी कळवायचं, हे कागदावर आधीच असायला हवं. शाळेची सहल काढताना आम्ही शिक्षकसुद्धा एवढी तयारी करतो.

तयारी आणखी एका बाबतीत कच्ची होती. जाहिरातीतली सून विचारते की हा विधी तर तुमच्या घरात होत नाही ना? अहो, आपल्यापैकी कित्येक घरांत सातव्या महिन्यात सतवासा होतो, गर्भारशीला हार-फुलं घालतात, ओटी भरतात. (उलेमांचं त्यावर काय म्हणणं आहे, तो वेगळा विषय.) शेजारच्या एखाद्या खालाजानला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, फॅबइंडियाने नव्या कपड्यांना ‘जश्न-ए-रिवाज’ नाव दिलं आणि ट्वीटमध्ये प्रकाशाच्या सणाचा उल्लेख केला. भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या म्हणाले, दिवाळी म्हणजे जश्न-ए-रिवाज नव्हे, कंपनीला आर्थिक किंमत मोजायला लावा. ट्वीट काढून टाकलं गेलं. मग खुलासा आला: हे आमचं दिवाळी कलेक्शन नाहीच, ते ‘झिलमिल सी दिवाली’ या नावाने येणार आहे. म्हणजे उर्दू नाव सणाला लावलंच नव्हतं, हा बचाव! उर्दू लावली तर त्यात वाईट काय, हे म्हणायची हिंमत झाली नाही.

मराठी माणूस रीतिरिवाज म्हणताना अडखळत नाही. दुकान, बाजार, हिशेब, खुद्द ‘जाहिरात’ हे शब्दसुद्धा अरबी-फारसीतूनच आलेत. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू होती, म्हणून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीतली आहे. नगरपरिषद ठाम राहिली म्हणून फलक टिकला. तिच्यापेक्षा कितीतरी मोठी फॅबइंडिया मात्र एका दिवसात हटली.

ठाम राहता येतच नाही असं नाही. मार्च २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीत एक छोटी मुलगी सगळे रंग स्वतःवर घेते आणि पांढऱ्या कपड्यातल्या आपल्या मित्राला नमाजसाठी मशिदीपर्यंत सोडते. बहिष्काराची हाक तेव्हाही आली. काही बहाद्दरांनी तर रागाच्या भरात मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपला एक-एक स्टार दिला! हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरात काढली नाही. काही दिवसांत आरडाओरडा ओसरला, साबण विकला जात राहिला.

घाईने घेतलेली माघार लोकांना गुन्ह्याच्या कबुलीसारखी वाटते. कंपनी पुढच्या महिन्यात नवी जाहिरात काढून मोकळी होते. तनिष्कचा वाद पेटला तेव्हा शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्ग चालले होते. तास संपल्यावर आठवीतली एक मुलगी थांबली आणि तिने विचारलं, “मॅडम, त्या जाहिरातीत आपल्या लोकांनी काय चुकीचं केलं होतं?” काहीच नाही, बेटा, असं आम्ही म्हणालो. “मग माफी कशाची मागितली?” हा तिचा पुढचा प्रश्न होता.