आधी नोंद, मग स्कॅन

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. सत्तावन्नच्या धामधुमीत वरसईचा एक भिक्षुक उत्तरेत जातो, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो आणि पुढे सारे लिहून ठेवतो. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते पुस्तक छापले, पण मजकुरावर त्यांचा बराच हात फिरला होता. काही भाग गळले, काही बदलले. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होते. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळबरहुकूम आवृत्ती काढली ती १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षे वाचक संस्कारित मजकुरालाच भटजींचे शब्द समजत राहिले. आजही एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात जुनी प्रत कुणाच्या हाती आली, तर तिच्यामागे पुण्यात एक हस्तलिखित आहे हे त्या वाचनालयाची दाखलनोंद वही त्याला सांगत नाही. सांगणार तरी कशी? छापील पुस्तकांची यादी एकीकडे, हस्तलिखितांची दुसरीकडे, आणि दोघींची गाठ कुणी घालूनच दिलेली नाही.

ती गाठ घालण्याचे काम राज्याने आता हाती घेतले पाहिजे. मराठीचा लिखित ठेवा किती ठिकाणी विखुरला आहे, ते पाहा. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत कंपनी सरकारच्या काळापासूनचे कागद, कोल्हापुरात संस्थानचे दफ्तर, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर. छापील ग्रंथांसाठी १८९३ चे ठाण्याचे आणि १८९८ चे मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय, त्याही आधीचे पुणे नगर वाचन मंदिर, एशियाटिक सोसायटी, विद्यापीठे आणि हजारो गावांतली सार्वजनिक वाचनालये. राज्याबाहेर तंजावरचे सरस्वती महाल, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोव्याचे पुराभिलेखागार; समुद्रापलीकडे ब्रिटिश लायब्ररी. यांतल्या बहुतेक ठिकाणी काही ना काही यादी आहेच. कुठे ती छापील आहे, कुठे कार्डांवर, कुठे संगणकात, आणि काही ठिकाणी फक्त एखाद्या जुन्या सेवकाच्या स्मरणात. तो सेवक निवृत्त झाला की कपाट असते, पण त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम मोहिमेची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि जतन हे तिचे उद्दिष्ट. पैसा येण्याची शक्यता आहे आणि तो आला की आपल्याकडे सगळ्यात आधी स्कॅनर विकत घेतले जातात. पाने किती स्कॅन झाली हा आकडा अहवालात चांगला दिसतो. पण ज्या प्रतिमेच्या फाइलचे नाव नुसतेच ‘आयएमजी ००४७’ आहे, जी कोणत्या रुमालातल्या कोणत्या पुडक्यातून आली हे लिहिलेले नाही, ती संगणकात असून नसल्यासारखीच. उलट स्कॅन नसले तरी चार ओळींची नेटकी नोंद असेल, तर अभ्यासक गाडी पकडून त्या गावी जातो आणि कागद पाहून येतो. म्हणून क्रम आधी नोंदीचा, मग स्कॅनचा असावा. सगळे ठेवे एका छताखाली आणण्याचीही गरज नाही. वस्तू जिथे आहे तिथेच राहील. तिची नोंद तेवढी सर्वांच्या एका सूचीत, म्हणजे जोडसूचीत, दिसेल.

हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि अडचण संगणकाची कमी, आपल्या ठेव्याच्या घडणीची जास्त आहे. ग्रंथपाल पुस्तकागणिक नोंद करतो: कर्ता, शीर्षक, प्रकाशक, साल. दफ्तरखान्यात एकेका चिठीची नोंद करायला गेले तर पिढ्या सरतील. तिथे कागदाचा अर्थ तो कोणाच्या दफ्तरातला, कोणत्या रुमालातला, शेजारचे कागद कोणते यावर ठरतो. जोडसूचीत दोन्ही पद्धती नांदायला हव्यात. पुस्तकाची नोंद एकेरी, दफ्तराची उतरंडीची, आणि दोघांना बांधणारे धागे तीन: व्यक्ती, स्थळ, काळ. यातला प्रत्येक धागा आपल्याकडे गुंतलेला आहे. एका यादीत ‘लोकहितवादी’, दुसरीत ‘देशमुख, गोपाळ हरि’, तिसरीत ‘गोपाळराव हरी’. यंत्राला ही तीन माणसे वाटतात. त्यात १९६२ च्या लेखननियमांनी अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ बदलले, त्यामुळे जुन्या मुखपृष्ठावरचे ‘पुस्तकें’ नव्या शोधपट्टीत ‘पुस्तके’ लिहून सापडत नाही. काळाचे तर विचारूच नका. जुन्या पुस्तकावर शके १८०० छापलेले असते, म्हणजे इसवी १८७८-७९. नोंद करणाऱ्याने घाईत ‘१८००’ एवढेच टिपले की ग्रंथ पाऊणशे वर्षे मागे जातो. मोडी कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी सन असते. मोजले तर ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१, पानिपतचे वर्ष. ज्याला हे वाचता येते त्याने एकदा नोंदीत उतरवले, की पुढच्या हजारांना पुन्हा मोजावे लागत नाही. प्रमाणित नावांची यादी आणि सनांचे कोष्टक हा या साऱ्या प्रकल्पाचा कणा आहे, आणि नेमका तोच निविदेत कधी दिसत नाही.

एकट्यादुकट्या माणसांनी हे ओझे पूर्वी उचलले आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, आणि पुढे १९५० पर्यंतची. संगणक नव्हता, टेलिफोनही दुर्मीळ होता. आज अभ्यासक अजूनही दाते सूचीकडेच वळतो, याचा अभिमान वाटतो तितकीच खंतही. सूची नसली की काय होते त्याचे उदाहरण ताराबाई शिंद्यांचे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापून प्रसिद्ध झाली होती, जोतीरावांनी तिची दखलही घेतली होती; तरी स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या ती नजरेआड होती. नष्ट न होताही पुस्तक हरवते ते असे.

नष्ट होणारीही असतातच. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाचे आणि २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे अतोनात नुकसान झाले. कार्यकर्त्यांनी चिखलातून पुस्तके उपसली, वाळत घातली. त्या वेळी पहिला प्रश्न असायला हवा होता तो असा, की भिजलेल्यांपैकी कोणत्या पुस्तकाची दुसरी प्रत महाराष्ट्रात कुठेच नाही? कारण आधी वाचवायचे ते तेच. या प्रश्नाचे उत्तर एकट्या वाचनालयाची यादी कितीही चोख असली तरी देऊ शकत नाही. ते फक्त जोडसूचीच देते, आणि पाणी येण्याच्या आधी देते.

संस्थांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ‘आमच्याकडे काय आहे ते जगजाहीर झाले, तर उद्या कोण दारात उभे राहील?’ ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, त्याचे व्रण अजून ताजे आहेत. इनामाच्या सनदा, वतनाचे कागद, देवस्थानांचे तंटे यांवरून आजही कज्जे चालतात. खासगी घराण्यांना तर दफ्तर दाखवणे म्हणजे जमीन गमावणे वाटते. पण नोंद म्हणजे कागद उघडा टाकणे नव्हे. अमुक घराण्याचे, अमुक काळाचे दफ्तर अमुक संस्थेत आहे, पाहण्यासाठी लेखी परवानगी लागेल, एवढेच सूची सांगेल. परवानगीची किल्ली संस्थेकडेच राहील. तंत्रही या धोरणाला पूरक आहे. प्रत्येकाने आपली यादी आपल्याच संगणकावर ठेवायची आणि मध्यवर्ती सूचीने ठरावीक काळाने त्यातल्या खुल्या नोंदी उचलायच्या. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय ग्रंथालय २००९ पासून ‘ट्रोव्ह’ याच रीतीने चालवते. ग्रंथालये, अभिलेखागारे, संग्रहालये तिथे एका शोधात सापडतात आणि मालकी कुणाची हललेली नाही. शिवाय लपवलेला कागद सुरक्षित असतो हा समजच चुकीचा आहे. ज्याची नोंदच नाही तो कागद चोरीला गेला तर तक्रार कशाची करणार?

पैशाचा आक्षेप खरा आहे. ट्रोव्हचाही निधी २०२३ मध्ये आटत आला होता आणि सरकारला तिथे कायमची तरतूद करावी लागली. असा प्रकल्प उद्‌घाटनाच्या फितीवर चालत नाही, दरवर्षीच्या पगारावर चालतो. आपल्याकडे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ड वर्गातल्या वाचनालयाला २०२२ च्या साठ टक्के वाढीनंतरही वर्षाकाठी पन्नास हजारांच्या आतच अनुदान होते. त्यात पुस्तके, भाडे, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन. त्या ग्रंथपालावर सूचीचे काम फुकट लादणे अन्याय होईल. दर नोंदीमागे वेगळा मोबदला ठरवून द्यावा. सॉफ्टवेअरसाठी कोट्यवधी लागतात हे मात्र कुणी सांगू नये. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणालीही हाताशी आहे. मोडी वाचणारी यंत्रे येतीलच, त्यांचे स्वागत करू. पण कोणता रुमाल कुठे आहे हे यंत्राला आधी माणसानेच सांगावे लागते.

आणि प्रशासनाने मनात आणले तर काय होते ते आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि काही महिन्यांत तहसील कचेऱ्या, शाळा, भूमी अभिलेख, कारागृहे यांच्या फडताळांतून मोडी आणि उर्दू कागद बाहेर आले. मोडी जाणकार बोलावले गेले, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्या. तो शोध एका शब्दासाठी होता, त्यामुळे त्याच कागदांतली गावे, पिके, पेठा, शाळेत जाणाऱ्या मुली यांच्याकडे कुणी पाहिले नाही. त्या प्रतिमा आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्या वेळी तयार झालेली मोडी वाचणारी माणसेही आहेत. सरकारने त्या प्रतिमा रुमाल आणि बस्त्यांच्या मूळ क्रमांकांसह पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवाव्यात, त्या माणसांना तीन वर्षांचा करार द्यावा आणि जोडसूचीची पहिली खेप तिथूनच काढावी.