खात्यावरचे अनोळखी उपाहारगृह

बँकेच्या खातेउताऱ्यावर न उलगडणाऱ्या नोंदी अनेक प्रकारच्या असतात. परंतु उपाहारगृहाच्या नावाने पडलेली अनोळखी नोंद जितक्या लवकर घरात शिरते, तितकी दुसरी कोणतीही शिरत नाही. विजेचे देयक चुकले तर माणूस वीज कंपनीशी भांडतो. विम्याचा हप्ता दोनदा वळता झाला तर विमा प्रतिनिधीला बोलावणे जाते. मात्र एखाद्या मंगळवारी रात्री कुठल्याशा 'हॉस्पिटॅलिटी'ला 1,840 रुपये गेल्याचे दिसले, की पहिला प्रश्न बँकेला विचारला जात नाही, तो घरातल्या तरुण मुलाला विचारला जातो. कुठे गेला होतास, कुणाबरोबर होतास आणि घरी का सांगितले नाहीस? वडिलांच्या खात्यावर काढलेले पुरवणी कार्ड मुलाच्या खिशात असेल, तर संशयाला आयताच आधार मिळतो. बहुतेक वेळा मुलगा खरे बोलत असतो आणि बँकही खोटे बोलत नसते. दोघांच्या मध्ये उभा असतो तो केवळ नावांचा घोळ. आणि त्या घोळापायी घरातले दोन-चार दिवस कडू होऊन जातात.

या घोळाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या खाणावळीत महिन्याचे खाते असे, तेव्हा जेवणारा, वाढणारा आणि वही लिहिणारा एकमेकांना तोंडओळखीने जाणत. वहीतली नोंद चुकली तर तिथल्या तिथे सोक्षमोक्ष होई. कार्डाने या दोघांत तिसरा आणला. गंमत अशी की, आजच्या कार्डांचा हा पूर्वजही उपाहारगृहासाठीच जन्मला. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबचा मूळ उद्देश अनेक उपाहारगृहांतील जेवणाचे पैसे महिन्याकाठी एकदाच देता यावेत हाच होता, आणि ते त्याच्या नावातच आहे. तेव्हापासून जेवणाची नोंद वाढणारा करीत नाही. ती कुणी तिसराच, त्याच्या सोयीने करतो.

ही सोय अशी. उपाहारगृहाचा मालक बँकेकडे कार्डयंत्र मागतो, तेव्हा अर्जात आस्थापनेचे कायदेशीर नाव लिहितो. दारावरची पाटी निराळी असते, भागीदारी संस्थेचे अथवा खासगी कंपनीचे नाव निराळे. पश्चिम आणि दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्सची दुकाने हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही कंपनी चालवते, डॉमिनोजची दुकाने जुबिलंट फूडवर्क्स चालवते. पिझ्झा खाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ही नावे ठाऊक असतील? घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या स्विगीची कंपनी 2024 पर्यंत कागदोपत्री 'बंडल टेक्नॉलॉजीज' होती. झोमॅटो चालवणाऱ्या कंपनीने 2025 मध्ये 'इटर्नल' हे नाव धारण केले. मोठ्यांची ही तऱ्हा, तर गल्लीतल्या मिसळवाल्याच्या यंत्रावर त्याच्या मेहुण्याच्या 'एंटरप्रायझेस'चे नाव आले तर नवल ते काय? त्यातच नोंदीत नावासाठी जागा जेमतेम 25 अक्षरांची. लांब नाव मध्येच तुटते आणि पुढे जोडलेले गाव हे जेवणाचे नसून कंपनीच्या मुख्य कार्यालयाचे असू शकते. कोल्हापुरात जेवलेल्या माणसाच्या उताऱ्यावर बंगळुरू उमटते ते असे.

उलटही घडते. नोंद उपाहारगृहाची दिसते, पण कुणी उपाहारगृहात गेलेलेच नसते. रुग्णालयातील उपाहारगृह बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते. आजीच्या उशापायथ्याशी बसलेल्या सुनेने घेतलेला चहा आणि दोन इडल्या एखाद्या 'फूड्स'च्या नावाने पडतात. द्रुतगती मार्गावरील फूड मॉलमध्ये दहा दुकानांचा गल्ला एकाच ठिकाणी असतो. मंगल कार्यालयाची अनामत म्हणून दिलेली रक्कम केटररच्या खात्यावर जाते. म्हणूनच 'आम्ही त्या दिवशी बाहेर जेवलोच नाही' हे वाक्य मनापासून खरे असूनही नोंद खोटी ठरत नाही.

तारीख आणि रक्कम यांचेही असेच. कार्डाचा व्यवहार होतो एका दिवशी आणि पक्का होतो आणखी एकदोन दिवसांनी. मध्ये सुटी आली तर अधिक. शनिवारचे जेवण सोमवारच्या किंवा मंगळवारच्या तारखेला दिसते. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. तिथे बिलाची रक्कम आधी राखून ठेवली जाते, नंतर पावतीवर बक्षिशीचा आकडा लिहिला जातो आणि अंतिम रक्कम वाढूनच येते. वर चलन रूपांतराचे शुल्क आणि त्या शुल्कावर वस्तू व सेवा कर. 40 डॉलरचे जेवण पन्नाशीच्या आसपास पोहोचले, तर तो चोरीचा पुरावा नव्हे. इकडे मात्र बिलात सेवाशुल्क गुपचूप मिळवलेले असेल, तर ग्राहकाने ते नाकारायला हरकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी ते आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती मनाई उचलून धरली.

हे सारे समजावून सांगता येते. तरीही प्रश्न उरतोच की, ते ग्राहकाला समजावून सांगण्याची वेळ का यावी? रिझर्व्ह बँकेने पासबुकात अनाकलनीय नोंदी करू नयेत, थोडक्यात पण समजेल असा तपशील द्यावा, असे बँकांना 2010 मध्येच बजावले होते. जून 2017 मध्ये तिने पुन्हा परिपत्रक काढून कोणत्या व्यवहाराच्या नोंदीत किमान काय असावे, याची यादीच दिली. कार्डव्यवस्थेच्या नियमांतही ग्राहक ज्या नावाने दुकान ओळखतो तेच नाव नोंदवावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे नियम आहे, यंत्रणा आहे, अक्षरांची जागा अपुरी असली तरी पाटीवरचे नाव मावण्याइतकी ती नक्की आहे. नाही ती फक्त आस्था. कार्डयंत्र बसवून देणारा प्रतिनिधी अर्ज भरताना एक ओळ मान वर करून पाटीकडे पाहत लिहील, तर हजारो घरांतील कलह वाचेल. ही अपेक्षा अवाजवी नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा वजनमापात आणि भावात फसू नये हे ग्राहकाला शिकवावे लागले होते. आता वजनकाट्याची जागा खातेउताऱ्याने घेतली आहे, आणि हा काटाही ग्राहकाला वाचता येईल असाच असला पाहिजे.

यूपीआयच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. तेथे प्रत्येक व्यवहाराला 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो आणि भ्रमणध्वनीवरील अॅपमध्ये वेळ मिनिटासह सापडते. गुप्त पिन घातल्याशिवाय सहसा पैसे जात नसल्याने अनोळखी नोंद बहुधा विस्मृतीत गेलेला स्वतःचाच व्यवहार निघते. चहाच्या टपरीवरील चौकोनी चिन्ह मालकाच्या पत्नीच्या खात्याचे असते, एवढाच काय तो चकवा.

मात्र नोंद खरोखरच चोराची असते तेव्हा हा सगळा समजूतदारपणा महाग पडू शकतो. भारतीय संकेतस्थळांवर दुसरी खातरजमा लागते, पण परदेशी संकेतस्थळांवर कित्येकदा केवळ कार्डाचा क्रमांक पुरतो. पिनशिवाय नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डावर 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंतची मुभा मिळाली. हरवलेले कार्ड कुणाच्या हाती पडले, तर त्याला दोन-तीन उत्तम जेवणे सहज परवडतात. चोर आधी किरकोळ रक्कम काढून कार्ड जिवंत आहे का ते पाहतो, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या खाण्याकडे कोण लक्ष देतो?

इथे दिवस मोजावे लागतात. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा आखून दिली. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी तसाच आदेश निघाला. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भार शून्य. 4 ते 7 दिवसांत केली, तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी कमाल 10,000 रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणाची मेहेरबानी. तक्रारीनंतर 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे, 90 दिवसांत निकाल लावणे आणि ग्राहकाचा दोष असल्यास तो सिद्ध करणे, ही कामे या परिपत्रकाने बँकेच्या शिरावर टाकली. ओटीपी स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर तक्रार होईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. पासबुक तीन महिन्यांतून एकदा छापून आणणाऱ्या निवृत्तांना हा हिशेब प्रतिकूल आहे. त्यांच्यासाठी लघुसंदेश हाच खरा उतारा. तो न उघडता साचू देणे म्हणजे तक्रारीचा हक्क झिजू देणे.

तक्रारीसाठी बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधणे हा दुसरा धोका. तेथे बँकेच्या नावाने भामट्यांचेच क्रमांक टाकलेले आढळतात, आणि 1,840 रुपयांची चौकशी करायला गेलेला माणूस खाते रिकामे करून परततो. क्रमांक कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच वापरावा. फसवणूक उघड दिसत असेल, तर 1930 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. बँकेने 30 दिवस दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आता हॉटेलवाल्याची बाजू. ग्राहकाने व्यवहार नाकारला की वाद त्याच्या बँकेकडून हॉटेलच्या बँकेकडे जातो आणि मालकाला सहीची अथवा यंत्राची पावती हजर करावी लागते. ती सापडली नाही तर त्याची रक्कम जाते, बहुधा वर शुल्कही. दहा टेबलांच्या उपाहारगृहाला असे दोन-तीन वाद महिन्याची चव घालवायला पुरेसे असतात. म्हणून लघुसंदेश आला त्याच संध्याकाळी घरात सगळ्यांना, आरोपाच्या नव्हे तर चौकशीच्या स्वरात, विचारावे. खिशातल्या पावत्या पाहाव्यात. बिलावर वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक असेल, तर कराच्या संकेतस्थळावर तो घालताच कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही समोर येतात. अंदाज लागला, तर त्या उपाहारगृहाला दूरध्वनी करून वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक सांगावेत, त्याहून अधिक काही सांगू नये. गल्ल्यावरच्या माणसाला आपली पावती शोधायला फार वेळ लागत नाही. हे सारे करूनही नोंद अनोळखीच राहिली, तर त्याच रात्री कार्ड बंद करून बँकेत तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.